घटस्फोटित पालकांच्या अपत्यांवरील करसवलत (अमेरिका)

घटस्फोटित किंवा विभक्त पालकांच्या अपत्यांवरील करसवलत हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या संघराज्यीय प्राप्तिकर कायद्यातील एक विषय आहे. आईवडील वेगळे झाल्यावर अपत्याला ‘अवलंबित व्यक्ती’ म्हणून आपल्या करविवरणपत्रात कोणी दाखवायचे, आणि ज्या पालकाकडे अपत्याचा ताबा नाही त्याला हा हक्क केव्हा व कसा मिळतो, हे या नियमांनी ठरते. मुख्य तरतूद अंतर्गत महसूल संहितेच्या कलम १५२ मध्ये असून विभक्त पालकांसाठीचा विशेष नियम त्याच कलमाच्या उपकलम ‘ई’ मध्ये आहे. अंमलबजावणी अंतर्गत महसूल सेवा, म्हणजेच आयआरएस, ही संस्था करते.

सर्वसाधारण नियमानुसार हा हक्क ताबाधारक पालकाचा असतो. त्याने फॉर्म ८३३२ वर सही करून आपला हक्क सोडला, तरच तो दुसऱ्या पालकाकडे जातो. पोटगी नियमितपणे भरणे, अपत्याचा बहुतांश खर्च उचलणे किंवा घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात आपले नाव असणे यांपैकी कोणतीही गोष्ट या सहीची जागा घेऊ शकत नाही. राज्य न्यायालयाचा आदेश आणि संघराज्याचा करकायदा यांच्यातील हे अंतर या विषयातील बहुतेक वादांचे मूळ आहे.

इतिहास

अमेरिकन प्राप्तिकरात अवलंबित अपत्यामागे ठरावीक रकमेची सूट १९१७ मध्ये आली. त्या वेळी ती प्रत्येक अपत्यामागे २०० डॉलर होती. पुढील काळात निर्वाहाचा अर्ध्याहून अधिक खर्च कोणी केला, या कसोटीवर ही सूट ठरू लागली. एकत्र कुटुंबात या कसोटीची अडचण नव्हती. विभक्त पालकांच्या बाबतीत मात्र घरभाडे, किराणा, कपडे, दवाखाना आणि शाळा यांवर कोणी किती खर्च केला याचा हिशेब दोन्ही बाजूंना मांडावा लागे आणि तंटे वाढत.

१९६७ च्या दुरुस्तीने काही ठोकताळे घालून दिले. ताबाधारक पालकाचा खर्च अधिक आहे असे गृहीत धरण्यात आले. पण हुकूमनाम्यात किंवा करारात तसे नमूद असेल आणि दुसऱ्या पालकाने अपत्यामागे किमान ६०० डॉलर दिले असतील, तर सूट त्याला मिळे. त्याने १,२०० डॉलर किंवा अधिक दिले असतील आणि ताबाधारक पालकाला आपला खर्च त्याहून जास्त होता हे स्पष्टपणे सिद्ध करता आले नाही, तरीही सूट दुसऱ्या पालकाकडे जाई. या दुसऱ्या मार्गामुळे पुराव्यांचे वाद चालूच राहिले आणि आयआरएसला पतीपत्नींच्या भांडणात मध्यस्थ व्हावे लागले.

१९८४ च्या कर सुधारणा कायद्याने खर्चाची तुलना जवळपास मोडीत काढली. १९८५ पासून हक्क ताबाधारक पालकाचा आणि त्याने लेखी घोषणा दिली तरच दुसऱ्याचा, अशी आजची मूळ चौकट तेव्हा तयार झाली. २००४ च्या कायद्याने ‘पात्र अपत्य’ ही एकसमान व्याख्या आणली; ती २००५ च्या करवर्षापासून लागू झाली. जुलै २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विनियमांनी ताबाधारक पालक ठरवण्याची रीत, घोषणेचे स्वरूप आणि ती मागे घेण्याची पद्धत निश्चित केली.

२०१७ च्या करकायद्याने अवलंबितांमागील सूट २०१८ ते २०२५ या वर्षांसाठी शून्य केली आणि चाइल्ड टॅक्स क्रेडिट १,००० वरून २,००० डॉलरपर्यंत वाढवले. ४ जुलै २०२५ रोजी संमत झालेल्या कायद्याने सूट शून्य ठेवण्याची तरतूद कायम केली आणि २०२५ साठी क्रेडिटची रक्कम २,२०० डॉलर केली. सूट शून्य झाली तरी ‘अवलंबित’ ही संकल्पना टिकून राहिली, कारण इतर सवलती तिच्यावरच आधारलेल्या आहेत.

ताबाधारक पालक

करकायद्यातील ‘ताबाधारक पालक’ आणि घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातील ताबा या एकच गोष्टी नाहीत. हुकूमनाम्यात संयुक्त ताबा लिहिलेला असला, तरी कराच्या दृष्टीने एका वर्षात ताबाधारक पालक एकच असतो. कॅलेंडर वर्षात अपत्य ज्या पालकाकडे अधिक रात्री राहिले तो ताबाधारक आणि दुसरा बिगरताबाधारक, असा साधा नियम आहे.

रात्रींची मोजणी अशी होते :

• अपत्य पालकाच्या घरी झोपले, तर पालक स्वतः त्या रात्री घरी नसला तरी ती रात्र त्या पालकाच्या खाती जमा होते.
• पालकासोबत प्रवासात किंवा सहलीत घालवलेली रात्र त्याच पालकाची धरली जाते.
• अपत्य मित्राकडे, शिबिरात किंवा वसतिगृहात असेल, तर एरवी ते त्या रात्री ज्या पालकाकडे राहिले असते त्याच्या खाती ती रात्र जाते.
• ३१ डिसेंबरची रात्र, ती ज्या वर्षी सुरू झाली त्या वर्षात मोजली जाते.
• पालक रात्रपाळीत काम करत असल्यामुळे अपत्य रात्री त्याच्याकडे राहू शकत नसेल, तर रात्रींऐवजी दिवस मोजले जातात.

दोघांकडील रात्री समान भरल्यास ज्याचे समायोजित सकल उत्पन्न अधिक, तो ताबाधारक ठरतो. उदाहरणार्थ, २०२४ या लीप वर्षात अपत्य दोघांकडे प्रत्येकी १८३ रात्री राहिले असेल, तर निर्णय उत्पन्नावर होतो. ३६५ दिवसांच्या वर्षात अशी बरोबरी क्वचितच होते. आठवड्याआड ताबा बदलणाऱ्या कुटुंबांत मग एका रात्रीनेही निकाल फिरू शकतो. म्हणूनच अनेक पालक दिनदर्शिकेवर रात्रींची नोंद ठेवतात.

विशेष नियमाच्या अटी

अपत्याला पात्र ठरण्यासाठी सर्वसाधारणपणे वर्षातील अर्ध्याहून अधिक काळ त्या करदात्याकडे राहावे लागते. बिगरताबाधारक पालक ही अट पूर्ण करू शकत नाही. उपकलम ‘ई’ त्याला या अटीतून वगळते. मात्र त्यासाठी पुढील सर्व गोष्टी जुळाव्या लागतात :

• पालक घटस्फोटित असावेत, हुकूमनाम्याने किंवा लेखी कराराने विभक्त असावेत, किंवा वर्षाच्या शेवटच्या सहा महिन्यांत सतत वेगळे राहिलेले असावेत. त्यांचे लग्न झालेले असण्याची गरज नाही.
• अपत्याच्या निर्वाहाचा अर्ध्याहून अधिक खर्च पालकांनी केलेला असावा.
• वर्षातील अर्ध्याहून अधिक काळ अपत्य एका किंवा दोन्ही पालकांच्या ताब्यात असावे.
• ताबाधारक पालकाने लेखी घोषणेवर सही केलेली असावी.
• बिगरताबाधारक पालकाने ती घोषणा आपल्या विवरणपत्राला जोडलेली असावी.

यांशिवाय वयाची सर्वसाधारण अट आहेच. अपत्य वर्षअखेरीस १९ वर्षांखालील, पूर्णवेळ विद्यार्थी असल्यास २४ वर्षांखालील, किंवा कायमचे व पूर्णतः अपंग असल्यास कोणत्याही वयाचे असावे लागते. चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी मात्र ते १७ वर्षांखालील असणे आवश्यक आहे.

तिसरी अट महाविद्यालयीन मुलांच्या बाबतीत महत्त्वाची ठरते. राज्याच्या कायद्यानुसार अपत्य सज्ञान झाल्यावर ते कोणत्याच पालकाच्या ताब्यात आहे असे मानले जात नाही. म्हणून बहुतेक राज्यांत, जिथे १८ व्या वर्षी सज्ञानता येते, ज्या वर्षी अपत्याचा अठरावा वाढदिवस वर्षाच्या पहिल्या सहामाहीत येतो त्या वर्षापासून विशेष नियम लागू होत नाही आणि फॉर्म ८३३२ निरुपयोगी ठरतो. शिक्षणासाठी वसतिगृहात राहणे ही तात्पुरती अनुपस्थिती मानली जाते. त्यामुळे अपत्याचे घर आईकडे असेल, तर महाविद्यालयाचे शुल्क वडिलांनी भरले तरी हक्क साधारणतः आईकडेच राहतो.

फॉर्म ८३३२

लेखी घोषणेसाठी आयआरएसने फॉर्म ८३३२ ठरवून दिला आहे. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात चालू वर्षापुरती हक्कसोड होते. दुसऱ्या भागात पुढील ठरावीक वर्षांसाठी किंवा सर्व भावी वर्षांसाठी हक्क सोडता येतो. तिसरा भाग आधी दिलेली हक्कसोड मागे घेण्यासाठी आहे. अपत्ये अनेक असल्यास प्रत्येकासाठी स्वतंत्र फॉर्म भरावा लागतो. त्यामुळे एका अपत्याचा हक्क सोडून दुसऱ्याचा आपल्याकडे ठेवता येतो.

पुढील अनेक वर्षांचा हक्क एकदम सोडल्यास ताबाधारक पालकाच्या हाती काही उरत नाही. अपत्याच्या पोटगीची हमी राहावी यासाठी भावी वर्षांचा हक्क सोडू नये असे वाटू शकते, अशी सूचना खुद्द फॉर्मवरच आहे. त्यामुळे व्यवहारात अनेक ताबाधारक पालक दर वर्षी पोटगीचा हिशेब पाहून त्या वर्षापुरतीच सही देतात. बिगरताबाधारक पालकाने दर वर्षी फॉर्मची प्रत विवरणपत्राला जोडायची असते. एकदा जोडली म्हणजे कायमचे काम झाले असे होत नाही.

हक्कसोड मागे घेता येते, पण लगेच नाही. ताबाधारक पालकाने दुसऱ्या पालकाला लेखी सूचना द्यावी लागते, किंवा ती पोहोचवण्याचा वाजवी प्रयत्न करावा लागतो. सूचना ज्या कॅलेंडर वर्षात दिली त्याच्या पुढील वर्षापासूनच ती अमलात येऊ शकते. २०२५ मध्ये दिलेली सूचना लवकरात लवकर २०२६ च्या करवर्षासाठी लागू होते. सूचनेची प्रत आणि ती दिल्याचा पुरावा जपून ठेवणे, तसेच ज्या ज्या वर्षी त्या आधारे दावा करायचा त्या वर्षीच्या विवरणपत्राला प्रत जोडणे बंधनकारक आहे.

१९८४ नंतरच्या आणि २००९ पूर्वीच्या हुकूमनाम्यांना एक सवलत आहे. अशा हुकूमनाम्याची किंवा विभक्ततेच्या कराराची काही पाने फॉर्मऐवजी जोडता येतात. मात्र बिगरताबाधारक पालकाला कोणत्याही अटीविना दावा करता येईल, ताबाधारक पालक दावा करणार नाही, आणि हे कोणत्या वर्षांसाठी आहे, या तीनही गोष्टी त्यात स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात. ताबाधारक पालकाच्या सहीचे पानही लागते. २००८ नंतर अमलात आलेल्या हुकूमनाम्यांच्या बाबतीत ही पाने चालत नाहीत. फॉर्म ८३३२ किंवा केवळ याच हेतूने केलेले तशाच आशयाचे स्वतंत्र निवेदन लागते.

हक्कांची विभागणी

फॉर्मवर सही केल्याने सर्व सवलती दुसऱ्या पालकाकडे जातात, हा मोठा गैरसमज आहे. काही सवलती हस्तांतरित होतात. काही कायद्याने ताबाधारक पालकाशी बांधलेल्या आहेत आणि परस्पर संमतीनेही दुसऱ्याला देता येत नाहीत.

हक्कसोडीनंतर बिगरताबाधारक पालकाला मिळणाऱ्या सवलती :

• चाइल्ड टॅक्स क्रेडिट आणि त्याचा परतावायोग्य भाग
• चाइल्ड टॅक्स क्रेडिटला पात्र नसलेल्या अवलंबितांसाठीचे ५०० डॉलरचे क्रेडिट
• उच्च शिक्षणासाठीची क्रेडिट, कारण ती अपत्याला अवलंबित म्हणून दाखवणाऱ्याच्या मागे जातात

हक्कसोडीनंतरही ताबाधारक पालकाकडे राहणाऱ्या सवलती, अर्थात त्या त्या सवलतीच्या इतर अटी पूर्ण होत असल्यास :

• ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ हा करदात्याचा दर्जा
• कमी उत्पन्नाच्या नोकरदारांसाठीचे अर्न्ड इन्कम क्रेडिट
• १३ वर्षांखालील मुलांच्या पाळणाघराच्या वा सांभाळाच्या खर्चावरील क्रेडिट
• सांभाळाच्या खर्चासाठी मालकाकडून मिळणारी करमुक्त रक्कम

‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ दर्जाचे मोल मोठे आहे. २०२५ साठी एकट्या करदात्याची प्रमाणित वजावट १५,७५० डॉलर, तर या दर्जाच्या करदात्याची २३,६२५ डॉलर आहे. बिगरताबाधारक पालकाने फॉर्म ८३३२ च्या बळावर हा दर्जा घेतल्यास तो चुकीचा ठरतो. वैद्यकीय खर्चाचा नियम वेगळा आहे. विशेष नियमात बसणारे अपत्य या कारणापुरते दोन्ही पालकांचे अवलंबित मानले जाते, त्यामुळे ज्याने खर्च केला तो त्याची वजावट मागू शकतो.

अपत्याच्या पोटगीची रक्कम देणाऱ्याला वजावट म्हणून मिळत नाही आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नातही धरली जात नाही. जोडीदाराला दिलेल्या पोटगीची वजावट पूर्वी मिळत असे. ३१ डिसेंबर २०१८ नंतर झालेल्या घटस्फोटांसाठी तीही रद्द झाली आहे.

आर्थिक परिणाम

अवलंबितांमागील सूट अस्तित्वात असताना हक्क अधिक उत्पन्नाच्या पालकाला देण्यात दोघांचा मिळून फायदा असे. २०१७ मध्ये ही सूट ४,०५० डॉलर होती. २५ टक्के कराच्या टप्प्यातील वडिलांचा तिच्यामुळे सुमारे १,०१२ डॉलर कर वाचे, तर १० टक्क्यांच्या टप्प्यातील आईचा ४०५ डॉलर. सुमारे ६०० डॉलरचा हा फरक वाटाघाटीत वाटून घेता येई, आणि त्या काळातील अनेक करारांमागे हेच गणित होते.

२०१८ नंतर हे गणित बदलले. क्रेडिटची रक्कम कराच्या दरावर अवलंबून नसते. २०२५ मध्ये ३०,००० डॉलर मिळवणारी आई आणि ९०,००० डॉलर मिळवणारे वडील या दोघांनाही १७ वर्षांखालील एका अपत्यामागे २,२०० डॉलर पूर्ण मिळू शकतात. अशा कुटुंबात हक्कसोड म्हणजे एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात २,२०० डॉलर जाणे; एकत्रित लाभ काहीच नाही.

दोन परिस्थितींत मात्र फरक पडतो. ताबाधारक पालकाची कमाई फार कमी असेल, तर क्रेडिटचा केवळ परतावायोग्य भाग त्याच्या वाट्याला येतो. हा भाग २,५०० डॉलरवरील कमाईच्या १५ टक्के आणि २०२५ मध्ये कमाल १,७०० डॉलर आहे. वर्षाला ८,००० डॉलर कमावणाऱ्या आणि काहीही कर लागू नसलेल्या आईला ८२५ डॉलरच मिळतात. वडिलांना तेच क्रेडिट २,२०० डॉलरचे ठरते. येथे हक्कसोडीने कुटुंबाला १,३७५ डॉलर अधिक मिळतात, मात्र ते वडिलांच्या हाती येतात. आईचे ८२५ डॉलर भरून निघाले नाहीत, तर अपत्य जिथे राहते त्या घरातील पैसा कमी होतो.

दुसरी परिस्थिती अधिक उत्पन्नाची आहे. एकट्या करदात्याचे उत्पन्न २,००,००० डॉलरच्या वर गेले की दर १,००० डॉलरमागे क्रेडिट ५० डॉलरने घटते. एका अपत्यासाठीचे २,२०० डॉलर साधारण २,४४,००० डॉलर उत्पन्नापाशी पूर्ण संपतात. अशा पालकाला हुकूमनाम्याने दिलेला हक्क कोणाच्याच उपयोगी पडत नाही, कारण ताबाधारक पालकही सही केल्यानंतर क्रेडिट मागू शकत नाही.

राज्य न्यायालये आणि संघराज्यीय कर

अमेरिकेत घटस्फोट हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे, तर प्राप्तिकराची ही तरतूद संघराज्याची आहे. राज्य न्यायालय हक्काची वाटणी ठरवू शकते आणि ताबाधारक पालकाला फॉर्मवर सही करण्याचा आदेश देऊ शकते. एक वर्ष आईने आणि एक वर्ष वडिलांनी दावा करावा, किंवा दोन अपत्यांपैकी एकेक वाटून घ्यावे, अशा तरतुदी हुकूमनाम्यांत नेहमी दिसतात. इंडियाना राज्यात हा हक्क मिळालेल्या पालकाने वर्षाच्या पोटगीपैकी किमान ९५ टक्के रक्कम पुढील ३१ जानेवारीपर्यंत भरलेली असावी लागते.

मात्र आयआरएस अशा आदेशाची अंमलबजावणी करत नाही. २००० मध्ये संघराज्यीय कर न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात राज्य न्यायालयाच्या आदेशाने वडिलांना हक्क दिला होता आणि त्यांनी तो आदेश विवरणपत्राला जोडला होता. त्यावर ताबाधारक आईने आपला हक्क सोडत असल्याची सही नव्हती. न्यायाधीशाची सही पालकाच्या सहीची जागा घेत नाही, असे ठरवून न्यायालयाने वडिलांचा दावा नाकारला. २०१२ मधील दुसऱ्या प्रकरणात हक्कसोड पोटगी नियमित भरण्याच्या अटीवर अवलंबून होती. अटीवर आधारलेला दस्तऐवज कायद्याला अपेक्षित घोषणा ठरत नाही, असा निर्णय झाला.

त्याच वर्षी उलट बाजूचाही प्रश्न आला. एका आईने राज्य न्यायालयाच्या आदेशामुळे फॉर्म ८३३२ वर सही केली आणि नंतर आपल्यावर सक्ती झाल्याचे सांगून दावा केला. न्यायालयाच्या आदेशाचे पालन करताना केलेली सही सक्तीची ठरत नाही, म्हणून हक्कसोड वैध आहे, असे कर न्यायालयाने म्हटले.

या निर्णयांतून व्यवहारातील स्थिती स्पष्ट होते. ताबाधारक पालक आदेश असूनही सही देत नसेल, तर दुसऱ्या पालकाने परस्पर दावा करणे हा उपाय नाही. त्याला राज्य न्यायालयात जाऊन आदेशाच्या अवमानाबद्दल किंवा अंमलबजावणीसाठी अर्ज करावा लागतो. हुकूमनाम्यातच सहीची तारीख आणि ती न दिल्यास होणारी भरपाई लिहून घेतल्यास हा वाद बराच टळतो.

दुहेरी दावे

दोन्ही पालकांनी एकाच अपत्याचा सामाजिक सुरक्षा क्रमांक विवरणपत्रात दिल्यास नंतर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरलेले विवरणपत्र पूर्वी आपोआप नाकारले जाई आणि दुसऱ्या पालकाला ते कागदावर पाठवावे लागे. २०२५ च्या भरणा हंगामापासून, आयआरएसने दिलेला ओळख संरक्षण पिन वापरल्यास असे विवरणपत्र इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही स्वीकारले जाते. आधी भरणाऱ्याचा हक्क मोठा, असा नियम नाही. आयआरएस दोन्ही पालकांना सूचनापत्र पाठवून आपापला दावा तपासण्यास आणि चुकीचा असल्यास सुधारित विवरणपत्र भरण्यास सांगते. कोणीच माघार घेतली नाही, तर तपासणी होते.

तपासणीत अपत्याचा पत्ता दाखवणाऱ्या शाळेच्या, दवाखान्याच्या किंवा पाळणाघराच्या नोंदी मागितल्या जातात. फॉर्म ८३३२ नसेल, तर ज्याच्याकडे अपत्य अधिक काळ राहिले त्याचा दावा टिकतो. दुसऱ्याला सवलतीची रक्कम व्याजासह परत करावी लागते आणि २० टक्क्यांचा दंडही लागू शकतो. नियमांकडे बेपर्वाईने दुर्लक्ष करून चाइल्ड टॅक्स क्रेडिटचा दावा केल्याचे ठरल्यास दोन वर्षे, तर फसवणूक ठरल्यास दहा वर्षे ते क्रेडिट मागता येत नाही. आयआरएसचा निर्णय मान्य नसल्यास कराच्या तुटीची नोटीस मिळाल्यापासून साधारणतः ९० दिवसांत कर न्यायालयात दाद मागता येते.

२०२१ मध्ये हा प्रश्न वेगळ्या रूपात पुढे आला. त्या वर्षी चाइल्ड टॅक्स क्रेडिटची निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर या महिन्यांत आगाऊ हप्त्यांनी देण्यात आली आणि हप्ते साधारणपणे २०२० च्या विवरणपत्रावरून ठरले. आलटून पालटून दावा करणाऱ्या कुटुंबांत त्यामुळे २०२१ चा हक्क नसलेल्या पालकाच्या खात्यात हप्ते जमा झाले. उत्पन्न ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेल्यांना ते नंतर परत करावे लागले.

अमेरिकेतील भारतीय कुटुंबे

नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्या मराठी व इतर भारतीय कुटुंबांना आणखी काही नियम लक्षात घ्यावे लागतात. चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी अपत्याकडे नोकरीस वैध असा सामाजिक सुरक्षा क्रमांक लागतो. भारतात जन्मलेल्या आणि एच-४ व्हिसावर असलेल्या मुलांकडे तो सहसा नसतो. त्यांना केवळ करदाता ओळख क्रमांक मिळतो. अशा अपत्यामागे २,२०० ऐवजी ५०० डॉलरचे क्रेडिट मिळू शकते. अमेरिकेत जन्मलेल्या धाकट्या भावंडामागे मात्र पूर्ण क्रेडिट मिळते. त्यामुळे दोन अपत्यांची ‘एकेक’ वाटणी वरकरणी समान दिसली तरी पैशांत समान नसते.

घटस्फोटानंतर एक पालक अपत्यासह भारतात परतल्यास नागरिकत्वाचा प्रश्न येतो. भारतात राहणारे अपत्य अमेरिकन नागरिक असेल, तर अवलंबित ठरण्यासाठीची नागरिकत्वाची अट पूर्ण होते. सहीसह बाकीच्या अटी कायम राहतात. ते केवळ भारतीय नागरिक असेल आणि वर्षभर भारतातच राहिले असेल, तर फॉर्म ८३३२ असूनही अमेरिकेतील पालकाला त्याचा दावा करता येत नाही. २००८ नंतरचा हुकूमनामा अमेरिकेतील न्यायालयाचा असो वा पुण्यातील कौटुंबिक न्यायालयाचा, तो फॉर्मची जागा घेत नाही.

भारतातील तरतुदींशी तुलना

भारताच्या प्राप्तिकरात केवळ अपत्य अवलंबित आहे म्हणून पालकाला अशा प्रकारचे क्रेडिट मिळत नाही. त्यामुळे घटस्फोटानंतर हा वाद त्याच स्वरूपात उद्भवत नाही. जुन्या करप्रणालीत दोन अपत्यांच्या शिक्षणशुल्काची वजावट १,५०,००० रुपयांच्या एकूण मर्यादेत मिळते आणि ती शुल्क भरणाऱ्या पालकाची असते. अज्ञान अपत्याचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवले जाते. अपत्याने स्वतःच्या कष्टाने किंवा कौशल्याने मिळवलेले उत्पन्न आणि अपंग अपत्याचे उत्पन्न याला अपवाद आहे. आईवडिलांचा विवाह टिकून असेल, तर हे उत्पन्न अधिक उत्पन्नाच्या पालकाकडे जाते. विवाह संपुष्टात आला असेल, तर त्या वर्षी अपत्याचा सांभाळ करणाऱ्या पालकाकडे.

दोन्ही देशांतील कसोट्या त्यामुळे वेगळ्या आहेत. भारतीय कायदा शुल्क कोणी भरले आणि सांभाळ कोणी केला हे पाहतो. अमेरिकन कायद्यानेही १९८४ पर्यंत खर्चाचा हिशेब पाहिला. त्यानंतर मात्र त्याने अपत्य कोणाच्या घरी किती रात्री झोपले आणि कागदावर कोणाची सही आहे, या दोन सहज तपासता येण्याजोग्या गोष्टींवरच निर्णय सोपवला आहे.